नेहमीच्या मक्याच्या माध्यमावर

मक्याचं पीठ पाण्यात शिजू लागलं की पहिली काही मिनिटं त्याला वास असा नसतोच. नुसती वाफ येते, जाड, पिवळसर, खिडकीच्या काचेवर बसणारी. मग केव्हातरी तळाशी पहिला बुडबुडा फुटतो आणि कोरडा, पिठूळ वास वर येतो. त्याच्यामागून साखर येते, जिचा वास कमी आणि हवेतला जडपणाच जास्त जाणवतो. मग यीस्ट, ओलं, आंबूस, जिवंत. अगर केव्हाचा विरघळलेला असतो, पण त्याला वास नाही, त्याचं काम पुढे, निवण्याच्या वेळी. गॅस बंद होतो. ढवळणाऱ्याचा हात मात्र थांबत नाही, आणि पातेल्याला बाहेरून हात लावून सोसेल इतकी धग उतरली की सर्वांत शेवटी त्यात मोजून प्रोपिऑनिक ॲसिड पडतं. तो वास नाकाच्या मुळाशी जाऊन टोचतो, डोळे भरून येतात, आणि तेवढ्यात आधीचे सगळे वास त्या एका आंबट सणकेत बांधले जातात. मग दिवसभर ते सुटे होत नाहीत. केसांत राहतात, ओढणीत राहतात, डब्याच्या पिशवीत राहतात. माझ्यात अजून आहेत.

हे अन्न माश्यांचं. टोपलीतल्या पिकल्या केळ्यांवर घिरट्या घालणारी, हाताने हाकलली तरी पुन्हा तिथेच येणारी, घराघरांत जिला चिलट म्हणतात ती ही माशी, अडीच-तीन मिलिमीटरची. ड्रॉसोफिला मेलॅनोगास्टर हे तिचं शास्त्रातलं नाव. पुण्यातल्या ज्या संस्थेत मी पीएचडी केली तिथे तळमजल्यावरच्या खोलीत आठवड्यातून दोनदा हे अन्न शिजायचं, आणि त्याचा वास जिना चढून आमच्या लॅबच्या दाराशी येऊन थांबायचा. मी नेट पास होऊन, जेआरएफचं पत्र फाइलमध्ये घालून पहिल्यांदा त्या इमारतीत शिरले तेव्हा लॅब कुठे आहे हे कोणाला विचारावं लागलं नाही. वासानंच नेलं.

माझ्या थिसिसच्या दुसऱ्या प्रकरणात, साहित्य आणि पद्धती या मथळ्याखाली, एक ओळ आहे. माश्या नेहमीच्या मक्याच्या माध्यमावर २५ अंश सेल्सिअसला वाढवल्या. एवढीच. माझ्या आधीच्या मुलीच्या थिसिसमध्ये ती आहे, तिच्या आधीच्या मुलाच्याही, आणि जगभरातल्या किती प्रबंधांत आणि शोधनिबंधांत आहे याची गणती नाही. परीक्षक त्या ओळीवर थांबत नाहीत. थांबायचं कारणही नाही. मी मात्र आता कधी तो काळ्या बांधणीचा ग्रंथ कपाटातून काढलाच तर रंगीत आलेखांची पानं उलटत जाते आणि त्या ओळीशी येऊन रेंगाळते. जे शिकले ते बहुतेक सगळं तिथे आहे. पुढची पानं त्यातून निघालेली.

अन्न शिजवायचे मामा. लॅब अटेंडंट हे त्यांचं पद, पण संचालकांपासून नव्या मुलांपर्यंत सगळ्यांचे ते मामाच. वजनांचा एक कागद भिंतीला डकवलेला होता, वाफेनं तांबूस पडलेला. त्याच्याकडे त्यांनी कधी पाहिलेलं मला आठवत नाही. पावसाळ्यात पाणी ते किंचित कमी घालत, कारण हवेतच ओल आणि बुरशी टपून बसलेली. एप्रिल-मेमध्ये किंचित जास्त, नाहीतर चार दिवसांत अन्न आकसून काचेपासून सुटतं आणि अळ्या कोरड्या पडतात. हे किंचित म्हणजे किती, असं मी वही घेऊन विचारलं तेव्हा त्यांनी उलथनं उचलून धरलं आणि त्यावरून ओघळणारी पिवळी धार दाखवली. एवढं. मग बाटल्या भरायच्या, रांगेनं मांडायच्या, त्यांच्यावर रात्रभर मलमलीचं फडकं पसरायचं, आणि दुसऱ्या दिवशी कापसाचे बोळे. बोळे करायला आम्ही सगळेच बसायचो. कापूस जाळीच्या कापडात गुंडाळायचा, दोऱ्यानं आवळायचा, बाटलीच्या तोंडाशी घट्ट पण ओढला तर सहज निघेल इतपत. हवा आत गेली पाहिजे, माशी बाहेर येता कामा नये. त्या कामाला डोकं लागत नसे, म्हणून बोलणं खूप व्हायचं; कोणाच्या गावी पाऊस कसा आहे, कोणाच्या पेपरचं उत्तर आलं, कोणाच्या घरी लग्नाचा विषय निघालाय. आणि मधेच कोणीतरी, हातातला बोळा तसाच धरून, काल रात्री पाहिलेल्या एखाद्या विचित्र पंखाविषयी बोलू लागायचं, आणि सगळे हात थांबायचे.

२५ अंशांवर अंड्यापासून पंख फुटलेली माशी व्हायला दहा दिवस लागतात. एका दिवसात अंडं फुटतं. चारेक दिवस अळी खात राहते, दोनदा कात टाकते, मग अन्न सोडून काचेवर चढते आणि तिथेच कोष करते. कोषात आणखी चारेक दिवस. शेवटच्या दिवशी कोष गडद होतो आणि आतल्या घड्या घातलेल्या पंखांची काळी सावली बाहेरून दिसते. माश्या कोषातून बाहेर पडतात त्या बहुतेक पहाटे, उजाडताना. नुकती आलेली माशी फिकी, लांबुडकी, पंख अजून न उलगडलेले, आणि पोटाच्या पातळ कातडीतून एक गडद ठिपका दिसणारा. हा ठिपका शोधायला शिकणं हे आमच्या शिक्षणाचं पहिलं पान. मादी बाहेर पडल्यावर आठेक तास नराला जवळ करत नाही, आणि तुम्हाला हवा तोच संकर व्हायचा असेल तर त्या आठ तासांच्या आत तिला वेगळं काढलं पाहिजे. म्हणजे सकाळी लवकर जुन्या माश्या काढून बाटली रिकामी करायची, आणि दुपार कलायच्या आत पुन्हा यायचं. लॅबमध्ये यालाच व्हर्जिन्स गोळा करणं म्हणतात. रविवार, गणपती, बंद, ताप. माशीला यातलं काही ठाऊक नसतं. हळूहळू माझ्याही नकळत माझी झोप त्यांच्या उजाडण्याशी बांधली गेली. पाषाणच्या रस्त्यावर अजून दिवे जळत असताना मी सायकलवरून जायचे, आणि हवा गार लागायची, आणि मनात एकच असायचं, आज किती आल्या असतील.

आणि मग १८ अंश. त्या तापमानाला माशीचं आयुष्य जवळपास दुपटीनं सावकाश होतं. बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मी बाटल्या १८च्या कपाटात ठेवल्या आणि गावी गेले. हळद लागत होती, मांडवात वाजंत्री वाजत होती, आणि मला कुठेतरी आत जाणवत होतं की तिकडे अंधाऱ्या थंड कपाटात माझ्यासाठी काळ हळू चालला आहे, अळ्या सावकाश खात आहेत, कोष सावकाश गडद होत आहेत. माझ्यासाठी कोणी थांबून राहिलं आहे. असं आयुष्यात पुन्हा कोणी माझ्यासाठी थांबलं नाही.

मॅडमनी मला शिकवलं ते बरंचसं नाकानं. त्या आमच्या गाईड. बाटली हातात घेत, बोळा अलगद सैल करत, नाकाशी नेत, आणि क्षणभर डोळे मिटत. मग सांगत, याला पाणी सुटलंय, दोन दिवसांत नव्या बाटलीत घाल. किंवा, हिच्यात बुरशी येतेय, अजून दिसत नाहीये. किंवा काहीच न बोलता बाटली खाली ठेवत, म्हणजे ठीक आहे. दिसण्याआधी वास येतो, हे त्यांनी कधी शब्दांत सांगितलं नाही. त्या वास घेत आणि मग बाटली माझ्या हातात देत, एवढंच. सुरुवातीला मला सगळ्या बाटल्यांना एकच वास यायचा, तोच मक्याचा, आंबूस, तोच मामांच्या पातेल्यातला. मग एका पावसाळ्यात, केव्हा ते नेमकं कळलं नाही, त्या एका वासाच्या आत खोल्या उघडत गेल्या. अळ्यांनी चांगलं भुसभुशीत केलेल्या अन्नाचा वास वेगळा, गर्दी झालेल्या बाटलीचा वेगळा, जिच्यात अंडी कमी पडली आहेत तिचा उदास, सपाट वास वेगळा. हे कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नाही. लिहून काढता येईल असंही वाटत नाही.

आई एकदा लॅब बघायला आली होती. त्याआधी कित्येक महिने फोनवर तिचा एकच प्रश्न असायचा. संशोधन कशावर, त्याचा उपयोग काय, पुढे नोकरी कुठे, हे सगळं बाबा विचारायचे, आई विचारायची, "त्यास्नी खायला काय घालतीस गं?" मी सांगितलं, मका, साखर, यीस्ट. ती कागलकडची, गुऱ्हाळाच्या वासात वाढलेली. म्हणाली, "गूळ घाल की. नुसत्या साखरंनं काय हुतंय?" काही लॅबमध्ये खरोखर गूळ घालतात, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिला फार बरं वाटलं. लॅबमध्ये आल्यावर तिनं पातेल्यावर वाकून वास घेतला, मामांशी पिठाच्या जाडसरपणाबद्दल बराच वेळ बोलली, आणि मग मी तिला मायक्रोस्कोपखाली एक माशी दाखवली, कार्बन डायऑक्साइडनं निजवलेली. लाल डोळा, त्यात सुमारे ८०० बारीक भिंगं, षटकोनी, ओळीनं बसवलेली. आई बराच वेळ वाकून होती. मान वर न करता म्हणाली, "डोळं किती देखणं हाईत गं." माझ्या कामाविषयी पुढे मोठमोठी माणसं बोलली, चांगलंही बोलली. ते वाक्य मात्र मी त्या सगळ्याच्या वर ठेवलं आहे.

माझा विषय होता, माशीला वास कसा आठवतो. आता लिहिताना हात थबकतो, कारण मी इथे एका वासाच्या आठवणीपाशीच बसले आहे. पण तेव्हा हे डोक्यातही नव्हतं. तेव्हा ते फक्त काम होतं, लाल दिव्याच्या खोलीतलं. माशीला लाल प्रकाश जवळजवळ दिसत नाही, म्हणून ती खोली कायम त्या मंद लाल उजेडात असायची, दमट, उबदार, पंपाचा एकसुरी आवाज चाललेला. शंभरेक माश्या एका नळीत. मिनिटभर एक वास, त्याच्याबरोबर विजेचे बारीक झटके. मग थोडी स्वच्छ हवा. मग मिनिटभर दुसरा वास, झटक्यांशिवाय. नंतर त्यांना दोन नळ्यांच्या मध्ये आणायचं, एकीकडून पहिला वास, दुसरीकडून दुसरा, आणि दोन मिनिटं वाट पाहायची, कोण कुठे जातं. ज्यांना आठवतं त्या पहिल्या वासापासून दूर जातात. १९७४ साली क्विन, हॅरिस आणि बेंझर यांनी कॅलिफोर्नियात दाखवून दिलं की इतका लहान जीव वास शिकतो आणि लक्षात ठेवतो. ती स्मृती जिथे घडते त्या मशरूम बॉडीत, मेंदूच्या एकेका बाजूला, दोन-अडीच हजार पेशी. तेवढ्यात सगळं बसतं.

एकदाच शिकवलं तर ती आठवण काही तासांत विरत जाते. लागोपाठ दहा वेळा शिकवलं तरी पक्की, टिकाऊ आठवण बनत नाही. पण तेच दहा वेळा, दर दोन खेपांच्या मध्ये १५ मिनिटांची विश्रांती देऊन शिकवलं, तर पेशी नवी प्रथिनं घडवतात आणि माशीला तो वास कित्येक दिवस आठवतो. माशीचं आयुष्य दोनेक महिन्यांचं. त्या मानानं कित्येक दिवस म्हणजे काय, याचा विचार करावा. त्या १५-१५ मिनिटांत आम्ही लाल खोलीत बसून राहायचो. बाहेर जाऊन येण्याइतका वेळ नाही, दुसरं काही सुरू करण्याइतकाही नाही. मोबाइल लावायचा नाही, त्याचा पांढरा उजेड पडतो. नुसतं बसायचं. पंप चालू, नळीत माश्या शांत, आणि शेजारी माझी मैत्रीण, माझ्याच बॅचची, भिंतीला डोकं टेकून. आम्ही एकमेकींना काय काय सांगितलं असेल त्या लाल अंधारात. तिच्या वडिलांचं आजारपण, माझी आटत चाललेली फेलोशिप, जी महिनोन्‌महिने यायची नाही आणि मग सगळी एकदम यायची. तिला आवडणारा मुलगा, मला न आवडणारं स्थळ. आपण या कामाला पुरे पडू का, ही भीती, जी दिवसाच्या उजेडात कधी तोंडातून निघाली नसती. घड्याळ वाजायचं. ती उठायची, मी वासाची नळी लावायचे. आणि पुन्हा.

त्या झटक्यांचं मला वाईट वाटायचं. अजून वाटतं. ते सौम्य असतात, माशी मरत नाही, हे खरं. तरी नळीत एकदम उडणारी खळबळ दिसायची. आणि लॅबमध्ये प्रत्येक टेबलावर एक मॉर्ग असायची, तेलाची किंवा स्पिरिटची बाटली, जिच्यात मोजून झालेल्या माश्या जायच्या. ब्रशनं त्यांना तिथे लोटताना मी कधी हात सैल होऊ दिला नाही. सवय होऊ नये एवढीच इच्छा होती, आणि ती बऱ्यापैकी पुरी झाली.

आमच्या लॅबच्या कितीतरी आधीची, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातली ती प्रसिद्ध खोली, जिला फ्लाय रूम म्हणत, १६ फूट बाय २३ फुटांची होती. आठ टेबलं, दुधाच्या बाटल्या, आणि माश्यांसाठी केळी. टॉमस हंट मॉर्गन यांना तिथे १९१० साली लाल डोळ्यांच्या माश्यांमध्ये एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट तेव्हा पदवीही न मिळालेला मुलगा. १९११ साली एका संध्याकाळी तो आकडे घरी घेऊन गेला आणि कॉलेजचा अभ्यास बाजूला सारून रात्रीतून त्यानं गुणसूत्रावर जनुकं कोणत्या क्रमानं बसली आहेत याचा जगातला पहिला नकाशा काढला. तो छापला गेला १९१३ साली. मॉर्गन यांना १९३३चं नोबेल मिळालं तेव्हा त्यांनी बक्षिसाची रक्कम स्वतःच्या मुलांबरोबर ब्रिजेस आणि स्टर्टेव्हंट या आपल्या शिष्यांच्या मुलांनाही वाटली. त्या खोलीला कसला वास येत असेल हे मला कोणी सांगायची गरज नाही. केळी, यीस्ट, ओली काच.

पण माझं मन जास्त जातं ते रोनाल्ड कोनोप्का यांच्याकडे. सीमोर बेंझर यांच्या लॅबमधला पीएचडीचा विद्यार्थी. माश्या पहाटेच का बाहेर येतात, या प्रश्नामागे तो गेला. आम्हाला ज्या पहाटेनं इतकी वर्षं उठवलं तीच ही पहाट. त्याला तीन तऱ्हेच्या माश्या सापडल्या. एकींचा दिवस १९ तासांचा, एकींचा २८ तासांचा, आणि एकींना दिवस-रात्रीचं भानच नाही. तिन्हींतला दोष एकाच जनुकात होता. १९७१ साली गुरू-शिष्यांच्या नावानं तो निबंध आला, आणि देहातल्या घड्याळाचं दार उघडलं. २०१७ साली त्या घड्याळाच्या उलगड्याला नोबेल मिळालं, हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना. कोनोप्का त्याआधी दोन वर्षं, २०१५ साली, गेले होते. त्या ऑक्टोबरात नोबेलची बातमी आली तेव्हा लॅबमध्ये पेढे वाटले गेले, माशीचा मान म्हणून. मॅडमनी पेढा हातात घेतला आणि पहिलं नाव कोनोप्कांचं काढलं. मग सगळ्यांनीच काढलं.

आणि इकडे कुलाब्याला, समुद्राच्या काठावर, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये, १९६२ साली ओबैद सिद्दिकींनी भौतिकशास्त्रज्ञांच्या त्या घरात जीवशास्त्राची एक खोली मांडली. तिथे पीएचडीला आल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज; गोव्याच्या कुटुंबातल्या, केनियात जन्मलेल्या, आयर्लंडात डब्लिनला शिकलेल्या. त्यांनी अशा माश्या शोधल्या ज्यांना ठरावीक वास येत नाहीत. १९७८ साली सिद्दिकींबरोबर तो निबंध आला, आणि वासाच्या जनुकांचा माग काढण्याच्या अगदी पहिल्या प्रयत्नांपैकी तो एक ठरला. पुढे त्या तिथेच राहिल्या, मग बंगळूरच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेत गेल्या, आणि २०१० साली, अजून हातात खूप काम असताना, गेल्या. माझ्या थिसिसच्या पहिल्या प्रकरणात त्यांचं नाव पहिल्याच पानावर आहे. मी त्यांना भेटले नाही. पण एखादी माशी वासाच्या नळीशी येऊन काही न कळल्यासारखी थांबते, तेव्हा ज्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं आणि त्यात काही अर्थ आहे असं ओळखलं, त्यांच्या शेजारी बसल्यासारखं मला कित्येकदा वाटलं आहे. खारा वारा, बाटल्यांचा आंबूस वास, आणि एक तरुण मुलगी, वाट पाहत असलेली.

माझी मैत्रीण चौथ्या वर्षी लॅब सोडून गेली. वडिलांचं आजारपण वाढलं, धाकटा भाऊ शिकत होता, आणि फेलोशिपवर घर चालत नाही. तिनं कोणाला दोष दिला नाही. शेवटच्या दिवशी ती तिच्या स्टॉकचा, म्हणजे तिनं जपलेल्या माश्यांच्या वाणांचा, ट्रे घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि एकेक बाटली हातात देत राहिली. ही १८वरच ठेव. हिच्यात अंडी कमी पडतात. ही मला खूप दिवसांनी मिळालीये, हिला सांभाळ. सगळ्या लेबलांवर तिचं हिरव्या शाईतलं उभं अक्षर. बाहेर पाऊस होता, आणि खालून वास येत होता, तो दिवस अन्न शिजवायचा होता. ती लॅबच्या दारातून गेल्यावर मी पहिली गोष्ट केली ती तिच्या माश्या नव्या बाटल्यांत घातल्या. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

माश्या ठेवून देता येत नाहीत. बियांची पुडी करून, जिवाणू गोठवून ठेवावेत तसा इथे सोपा, रोजचा उपाय नाही. २५ अंशांवर दोनेक आठवड्यांनी, १८वर महिनाभरानं, कोणीतरी त्यांना जुन्या बाटलीतून नव्या बाटलीत घातलंच पाहिजे. मॉर्गन यांच्या त्या पांढऱ्या डोळ्यांच्या नराचा दोष आजही जिवंत माश्यांत आहे, स्टॉकच्या बाटल्यांत. म्हणजे १९१०पासून आजपर्यंत, महायुद्धांतून, टाळेबंदीतून, एकही खेप न चुकता कोणीतरी उठून गेलं आहे, बोळा काढला आहे, बाटली बाटलीवर पालथी घालून तळहातावर हलकेच आपटली आहे. ते बहुतेक विद्यार्थीच असणार. विरजण घराघरांतून चालत राहतं तसं हे. कोणाचं पहिलं ते कोणी विचारत नाही, फक्त आज रात्री लावायचं कोणी, एवढं ठरलेलं असतं. मार्च २०२०मध्ये सगळं बंद झालं तेव्हा मी कधीच त्या लॅबमधून बाहेर पडले होते. तरी त्या संध्याकाळी मनात पहिला विचार आला तो हाच, की आता बाटल्या फ्लिप कोण करतंय. नंतर कळलं, कॅम्पसवर राहणारी दोन मुलं पास काढून जात होती. आणि पीठ संपत आलं तेव्हा मामांनी फोनवरून धार कशी ओळखायची ते सांगितलं.

आता मी एका कॉलेजात शिकवते. इथे इनक्युबेटर नाही, गॅसची शेगडी आहे. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडी मी बीएस्सीच्या मुलांना घेऊन थोडंसं अन्न शिजवते, केळ्याच्या सापळ्यानं चिलटं धरते आणि त्यांना लाल डोळा दाखवते. वही काढून प्रमाण लिहून घेतात बिचारी. मी उलथनं उचलून धरते.

गेल्या जुलैत जुन्या लॅबमधून फोन आला. नवी मुलगी, मी पाहिलेली नाही. "ताई, मॅडम म्हणाल्या तुम्हाला विचार. मागच्या ट्रेमध्ये एक स्टॉक आहे, बरीच वर्षं कोणी वापरला नाहीये. यादीत नावापुढे काहीच लिहिलेलं नाही. टाकून देऊ का?"

"लेबलवर काय आहे?"

तिनं वाचलं. अडखळत वाचलं, कारण लेबल कितीतरी हातांनी नक्कल होत होत आलं होतं, मूळचं अक्षर उरलं नव्हतं. पण नावं बरोबर होती, क्रम बरोबर होता. दुसऱ्या गुणसूत्रावर दोन बदल एकत्र आणलेले, सीवायओवर, म्हणजे पंख कुरळे करणाऱ्या बॅलन्सर गुणसूत्रावर, बॅलन्स केलेले. ते दोन्ही एका गुणसूत्रावर यावेत म्हणून माझ्या मैत्रिणीनं किती पिढ्या, किती संध्याकाळी मायक्रोस्कोपवर मान मोडून घालवल्या होत्या, ते मी शेजारच्या खुर्चीवरून पाहिलं होतं.

"टाकू नको," मी म्हणाले. "आत्ता मायक्रोस्कोपजवळ आहेस का? दहा-बारा माश्या निजव आणि पंख बघ. कुरळे आहेत का?"

फोन खाली ठेवल्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही. मग, "सगळ्यांचे कुरळे आहेत."

"सगळ्यांचे? नीट बघ. एकही सरळ नाही?"

"नाही ताई. सगळ्यांचे."

म्हणजे बॅलन्सर होता, आणि त्याच्यासमोरचं ते गुणसूत्रही होतं. मी तिला सांगितलं, याच्या दोन बाटल्या कर, एक १८वर राहू दे, एक २५वर घे आणि एक पिढी वाढव. अन्नावर यीस्ट थोडं वरून भुरभुरव, हिच्यात अंडी कमी पडतात. पावसाळा आहे, तर बाटलीच्या काचेला पाणी दिसलं तर कागदाची पट्टी आत उभी घाल. वास घेऊन बघत जा मधूनमधून.

"आणि लेबल?" तिनं विचारलं. "कोणाच्या नावानं करू?"

मी तिला मैत्रिणीचं नाव सांगितलं, स्पेलिंगसकट. "ते वर लिही. खाली तुझं, आणि आजची तारीख."